रविवारी वाजणारी घंटा

१

म्हातारे गेले ते दुपारी, पलंगावर अर्धवट उठून बसलेले असताना. त्यांचा अंगठा गळ्यातल्या बटनावर होता. नुसता टेकलेला नव्हता, दाबलेला होता. डॉक्टरांना तो सोडवावा लागला.

बटन थोरल्या मुलानं बसवलं होतं. सुपारीएवढं, दोरीत ओवलेलं. ते दाबलं की स्वयंपाकघरातली घंटा कान किटेपर्यंत वाजायची आणि थोरल्याच्या फोनवरही निरोप जायचा. म्हातारे त्याला ताईत म्हणायचे. "थोरल्यानं गळ्यात ताईत बांधलाय, आता यमाची काय बिशाद," असं आल्यागेल्याला सांगायचे. अर्धांगाच्या झटक्यापासून त्यांचा आवाज पार बसला होता, पण जीभ काही बसली नव्हती.

त्या दुपारी त्यांनी ताईत दाबला. स्वयंपाकघरात त्यांची काळजी घेणारी सिस्टर होती. पलीकडच्या खोलीत धाकटा मुलगा काम करत होता. घंटा वाजली नाही, फोनवरही काही आलं नाही. औषधं आणायला गेलेल्या म्हातारीबाई परत आल्या, तेव्हा सगळं आटोपलं होतं.

डॉक्टर म्हणाले, वेळेवर कुणी पोचलं असतं तर वाचले असते असं नाही. पण वाचले नसतेच असंही नाही. डॉक्टर हे वाक्य बोलून निघून गेले आणि घर त्या वाक्यात अडकून बसलं.

चौथ्या दिवशी थोरल्यानं सिस्टर पुरवणाऱ्या संस्थेकडे तक्रार केली. भर दुपारी निवांत पडता यावं म्हणून सिस्टरनं घंटेचा प्लग काढून ठेवला, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. चौकशी होईपर्यंत सिस्टरनं तिथेच थांबावं असं संस्थेनं कळवलं आणि चौकशीबाईंना पाठवलं.

चौकशीबाईंचं खरं नाव संस्थेतल्या कुणालाच नीट आठवत नसे. आधी त्या विमा कंपनीत होत्या. स्वतःच्याच दुकानाला काडी लावून वर गळा काढणारी माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. त्यामुळे समोरचा खोटं बोलतोय असं धरूनच त्या बोलायला सुरुवात करायच्या आणि बहुतेक वेळा पुढे फारसं काही शोधावं लागत नसे. आरोप खरा ठरला तर सिस्टरला कुठल्याच घरात पाऊल ठेवता येणार नव्हतं. पोलिसांत जायचं की नाही हेही थोरला या अहवालावरूनच ठरवणार होता.

२

घर पाचव्या मजल्यावर. दारातून आत गेलं की बैठक आणि लगेच स्वयंपाकघर. तिथून एक लांब, बिनखिडकीचा बोळ लिफ्टच्या जाड भिंतीला वळसा घालून मागच्या बाजूला जायचा. त्याच्या टोकाला म्हाताऱ्यांची खोली. बोळात चौकशीबाईंचा गुडघा कशावर तरी सणकून आपटला.

"तिथे स्टूल आहे," पुढे चाललेली सिस्टर म्हणाली. "सांगायचं राहिलं. मला सवय झालीय."

"सांगितलंत हे बरं केलंत," गुडघा चोळत चौकशीबाई म्हणाल्या.

सिस्टर तिशीच्या आतली होती. डोळे रडून रडून सुजलेले, पण बोलणं सरळ. चौकशीबाईंनी तिला म्हाताऱ्यांच्या रिकाम्या पलंगासमोर खुर्चीत बसवलं. असं बसवलं की माणूस लवकर बोलतो, हा त्यांचा अनुभव.

"घंटा बंद केली होतीत का?"

"नाही."

"याआधी कधी?"

"ती कधी वाजलीच नाही, तर बंद कशाला करू? मी इथे आले तेव्हापासून आजोबांच्या ताईतानं ती वाजलेली मी एकदाही ऐकलेली नाही."

चौकशीबाईंनी भुवया वर केल्या. तक्रारीत थोरल्यानं लिहिलं होतं की दर रविवारी तो स्वतः ताईत दाबून बघतो आणि दर रविवारी घंटा वाजते. न चुकता.

"रविवारी माझी सुट्टी असते," सिस्टर म्हणाली. "रविवारी दादा दिवसभर इथे असतात ना."

"आणि बाकीचे दिवस आजोबांना काही लागलं तर?"

"पलंगाच्या दांडीवर चमचा वाजवायचे. तो आवाज येतो स्वयंपाकघरात." तिनं पलंगाच्या दांडीकडे पाहिलं. "त्या दिवशी चमचा मी ताटलीबरोबर धुवायला नेला होता. म्हटलं, घंटा आहे ना. वाटायचं, चमचा हाताशी असतो म्हणून ते ताईत दाबत नाहीत."

चौकशीबाईंनी ते लिहून घेतलं.

"आणि त्या दिवशी घंटेची फळी पुसली होती मी," सिस्टर स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली. "आता मलाच वाटायला लागलंय, पुसताना प्लग निघाला असेल. आठवत नाही. जेवढं आठवायला जाते तेवढा माझाच हात प्लगपाशी दिसतो."

गुन्हा नसताना कबूल करणारी माणसंही चौकशीबाईंनी पाहिली होती. ती सगळ्यात वाईट, कारण त्यांच्याशी वाद घालता येत नाही.

पलंगाच्या उशाशी ताईत तसाच ठेवलेला होता. त्यांनी तो उचलला आणि दाबला. बारीक निळा दिवा लुकलुकला. दोघी कान देऊन उभ्या राहिल्या.

स्वयंपाकघरातून काहीही आवाज आला नाही.

३

चौकशीबाईंनी पुन्हा दाबला, मग आणखी एकदा. मग स्वयंपाकघरात जाऊन बघितलं. घंटेची पांढरी डबी फळीवर होती, प्लग लावलेला, हिरवा दिवा चालू. त्यांनी सिस्टरला दाराबाहेर पाठवून दारावरची बेल दाबायला लावली. डबी खणखणली. म्हणजे डबी धडधाकट होती.

त्यांनी थोरल्याला फोन लावला. "तुमचा ताईत बिघडलेला आहे. मी आत्ता दाबून पाहिला."

"शक्य नाही," तो म्हणाला. "येतो मी."

थोरला येतोय म्हटल्यावर म्हातारीबाईंची लगबग सुरू झाली. नवरा जाऊन आठवडाही झाला नव्हता, पायात जोर नव्हता, पण टेबल पुसलं, पलंगाची चादर बदलली, घरभर दिवे लावले, चांगले कप काढले. "त्याला सगळं नीटनेटकं लागतं," त्या म्हणाल्या. "लहानपणापासून तसाच आहे. आमच्या ह्यांच्यावर गेलाय."

तेवढ्यात चौकशीबाईंनी धाकट्याला गाठलं. तो घरबसल्या भाषांतराचं काम करायचा. कानावर मोठे हेडफोन, समोर दोन पडदे. दाढी वाढलेली. त्यानं काही विचारायच्या आतच सांगून टाकलं, "मी त्या दिवशी सकाळी इंटरनेटचं राउटर बंद करून परत चालू केलं होतं. फार हळू चाललं होतं. दादाला सांगितलेलं नाही अजून."

चौकशीबाईंनी कान टवकारले. "त्यानंतर घंटा चालत होती?"

"माहीत नाही. मला कळत असतं तर..." त्यानं हेडफोन काढून मांडीवर ठेवले. "मी इथेच होतो. भिंतीपलीकडे. कानात दुसऱ्याच कुणाचं तरी भाषण चालू होतं."

"वडील घंटेबद्दल काही म्हणायचे?"

"थट्टा करायचे. म्हणायचे, या घंटेला रविवार तेवढा कळतो. दादा आला की गाते, बाकी दिवस मौन." तो कसनुसं हसला. "बाबांची सगळीच वाक्यं तशी असायची. खरं कुठलं आणि थट्टा कुठली, कोण ठरवणार?"

बाहेर दार वाजलं. थोरला आला होता. चपला काढून तो कुणाशी न बोलता तडक मागच्या खोलीत गेला. चौकशीबाई त्याच्या मागे निघाल्या, पण खोलीपर्यंत पोचल्याही नव्हत्या, तोच स्वयंपाकघरातली घंटा जी बोंबलायला लागली ती थांबेचना.

थोरला ताईत हातात धरून खोलीच्या दारात उभा होता.

"वाजते," तो म्हणाला. "आता बोला."

४

चौकशीबाईंचा चेहरा पडला. सिस्टरचा त्याहून जास्त. ती स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीला टेकून उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "म्हणजे मीच."

"तुम्ही जरा गप्प बसा," चौकशीबाई तिला म्हणाल्या, आणि म्हातारीबाईंना तिच्याजवळ बसायला सांगून थोरल्याला घेऊन मागच्या खोलीत गेल्या. दार लावून घेतलं.

थोरला चाळिशीचा, इस्त्रीच्या शर्टातला. एका मोठ्या कार्यालयाचं सगळं नेटवर्क तो सांभाळायचा. यंत्रांवर त्याचा विश्वास होता आणि माणसांवर रागच होता, निदान या आठवड्यात.

"फोन दाखवा," चौकशीबाई म्हणाल्या. "त्या दुपारचे निरोप."

"आलाच नाही ना निरोप. तेच तर म्हणतोय."

"जो आला नाही तो कसा दाखवाल? आलेले दाखवा."

त्यानं कपाळाला आठ्या घालत फोन चाळला. न आलेला निरोप सगळ्यांनी शोधला होता, आलेले कुणीच वाचले नव्हते. दार उघडलं, म्हणजे आई औषधाला गेली. मग दारावरची बेल वाजली, म्हणजे पार्सल आलं, जे सिस्टरनं घेतलं होतं. मग पुन्हा दार उघडलं. आई परत आली.

"हे निरोप कुठून येतात?"

"घंटेच्या डबीतूनच. तो हब आहे. घरातली सगळी उपकरणं त्याला सांगतात आणि तो मला सांगतो. मुकादम म्हणा."

"म्हणजे त्या दुपारी मुकादम कामावर हजर होता."

"मधल्या वेळात प्लग काढून परत लावला असेल."

"परत लावल्यावर काही कळतं का तुम्हाला?"

थोरला नाइलाजानं म्हणाला, "हब पुन्हा जोडला गेला, असा निरोप येतो." त्यानं वर सरकवून पाहिलं. सकाळी एक होता. तो धाकट्याच्या राउटरचा, चौकशीबाईंनी सांगून टाकलं. दुपारी असा एकही निरोप नव्हता.

थोरला पलंगाच्या कडेवर बसला. वडील गेले त्याच जागी बसलो हे लक्षात आल्यावर उठून उभा राहिला.

"तर मग प्लग कुणी काढला नाही," चौकशीबाई म्हणाल्या. "सिस्टर खरं बोलते. घंटा तिनं कधीच ऐकली नाही. तुम्हीही खरं बोलता. घंटा दर रविवारी वाजते. मी आज दाबली तेव्हा वाजली नाही, तुम्ही दाबली तेव्हा वाजली. माझ्या धंद्यात दोन माणसं उलटसुलट बोलली की एक जण खोटारडा निघतो. इथे कुणीच निघत नाही, आणि मला ते मुळीच आवडलेलं नाही. तुमच्या बोटात जादू आहे का?"

"यंत्राला कळत नाही कोण दाबतंय ते."

"मग तुम्ही आल्यावर या घरात काय बदलतं?"

५

थोरला पुन्हा फोन चाळायला लागला. चौकशीबाईंनी त्याला दुसऱ्या बाजूनं घेतलं. "इथून स्वयंपाकघरापर्यंत हा निरोप जातो कसा, ते मला नीट सांगा. मला यातलं ओ की ठो कळत नाही, तेव्हा लहान मुलाला सांगतात तसं सांगा."

हा विषय निघाल्यावर त्याचा आवाज जरा सैल झाला. माणूस दुःखात असला तरी स्वतःच्या हातच्या कामाबद्दल बोलायला लागला की पाठीचा कणा ताठ होतो.

"ताईताची बॅटरी एवढीशी असते. म्हणून त्याला ओरडता येत नाही, तो पुटपुटतो. दार हबच्या शेजारी आहे, त्यामुळे दाराचं पुटपुटणं हबला ऐकू जातं. या खोलीचं जात नाही, मध्ये लिफ्टची भिंत आहे. तेव्हा अशी सोय असते की ज्या उपकरणांना घरातली वीज मिळते, ती दुसऱ्याचा निरोप ऐकून पुढे सांगतात. तुमच्या कानात मी सांगायचं, तुम्ही पुढच्याच्या कानात. भिंतीला वळसा घालून निरोप जातो."

"इथे मधला कोण?"

"बोळातला बल्ब. बरोबर वळणावर आहे. तो नुसता दिवा नाही, त्याच्या आतही तसलंच यंत्र आहे. कुणी चालत गेलं की आपोआप लागतो, गेलं की विझतो. आईला अंधारात चाचपडायला लागू नये म्हणून मुद्दाम बसवला. एका दगडात दोन पक्षी."

"विझला की निरोप अडतो?"

"छे. विझला तरी त्याला वीज मिळत असते. प्रकाश नसतो एवढंच, आत तो जागाच असतो. फक्त भिंतीवरच्या बटनानंच जर कुणी वीज तोडली..."



चौकशीबाईंनी गुडघ्यावरून हात फिरवला. त्या आल्या तेव्हा बोळात चालताना कुठलाही दिवा आपोआप लागला नव्हता. मघाशी थोरल्याच्या मागे जाताना मात्र स्टूल लख्ख दिसलं होतं.

"भिंतीवरच्या बटनाला हात लावायची कुणाला गरजच पडू नये, असं केलं होतं मी," थोरला म्हणाला. त्याचा आवाज अगदी त्याच्या बापासारखा बसला होता. "म्हणून कुणाला सांगितलंच नाही. न सांगता चालावं, हीच तर गंमत होती."

"फोनवर कळत नव्हतं?"

"तो बल्ब पुष्कळदा 'संपर्क नाही' असं दाखवायचा. मला वाटायचं, बल्ब हलका निघाला. रविवारी येऊन बघायचो तर व्यवस्थित चालू."

"आणि वडील म्हणायचे घंटेला रविवारच कळतो."

"मला वाटायचं टोमणा मारतायत," थोरला म्हणाला. "मी रविवारीच येतो म्हणून." त्यानं चष्मा काढला आणि तो पुसायला काही सापडेना म्हणून तसाच हातात धरला. "ते मला बिघाड सांगत होते."

चौकशीबाईंना वाटलं की इथे आपण काहीतरी बोलायला हवं. पण विम्याच्या धंद्यानं अशा वेळचे शब्द त्यांना दिले नव्हते. त्यांनी बाहेर जाऊन म्हातारीबाईंना आत बोलावलं आणि बोळातल्या दिव्याबद्दल अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं. थोरल्यानं डोळ्यांनी नको म्हटलं. पण अंदाजावर अहवाल लिहिणं त्यांना जमणारं नव्हतं.

म्हातारीबाई ओशाळल्या. "आता तूच इथे आहेस तर सांगते, रागावू नकोस," त्या मुलाला म्हणाल्या. "तो दिवा आपला आपण लागतो ना, दचकायला होतं रे. आणि रिकाम्या बोळात दिवा कशाला? मी बटनच बंद करून ठेवते. तू यायचा असलास की चालू करते. एवढ्या हौसेनं बसवलास, तुला वाईट वाटायला नको."

कुणी विणून दिलेला स्वेटर ते माणूस यायच्या दिवशी अंगात चढवावा, तसं चाललं होतं हे. त्या दुपारी औषधाला निघतानाही त्यांनी बटन नीट बंद आहे ना, हे पाहिलं होतं. तसं त्यांनी आपण होऊन सांगितलं, कारण घर सोडताना त्या नेहमीच पाहायच्या.

"का हो बाई, दिव्याचं काय?" त्यांनी चौकशीबाईंना विचारलं.

६

सिस्टरही त्यांच्यामागून दारात येऊन उभी राहिली होती. धाकटाही आला. सगळे चौकशीबाईंकडे बघत होते.

चौकशीबाईंनी आयुष्यात शेकडो वेळा अशा खोलीत उभं राहून नाव घेतलं होतं. नाव घेतलं की कुणीतरी ओरडायचं, कुणीतरी रडायचं, आणि त्या आपली पर्स उचलून निघायच्या. आज नाव माहीत होतं, कारण माहीत होतं, एक दुवासुद्धा ढिला नव्हता. सिस्टर पूर्ण निर्दोष होती. आणि ती निर्दोष का, हे या म्हातारीसमोर तोंडातून काढायची त्यांची छाती होईना.

"दिव्याचं काही नाही," त्या म्हणाल्या. "सिस्टरची चूक नाही, एवढं सिद्ध झालंय. तिनं प्लगला हात लावला नव्हता."

सिस्टर खाली बसली. दोन्ही हात तिनं मांडीवर उलटे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिली.

"मग घंटा का वाजली नाही?" म्हातारीबाईंनी विचारलं. "कुणामुळे?"

चौकशीबाईंनी बोलायला तोंड उघडलं. उपकरणातला दोष, असं काहीतरी गुळमुळीत सांगायचं त्यांनी ठरवलं होतं. पण थोरला त्यांच्याआधी बोलला.

"माझ्यामुळे, आई. मी बसवतानाच चूक केली होती."

"म्हणजे?"

"म्हणजे ती नीट बसलीच नव्हती. कधी वाजायची, कधी नाही. मला कळायला हवं होतं. बाबा सांगत होते."

हे खोटं होतं असंही म्हणता आलं नसतं, आणि तेच चौकशीबाईंना सगळ्यात सहन होईना. धाकटा भावाकडे टक लावून बघत होता. त्याला किती कळलं ते सांगता येत नाही.

म्हातारीबाईंना समजायला वेळ लागला. त्या एकेक शब्द वेगळा करत म्हणाल्या, "म्हणजे हे दाबत राहिले. आणि तू चुकीचं बसवलेलं होतंस."

"हो."

"आणि ते कळायच्या आत तू या पोरीच्या नावानं खडे फोडलेस. चार दिवस ती माझ्यासमोर रडतेय. मीही तिला पाणी विचारलं नाही, तू म्हणालास म्हणून."

"हो, आई."

म्हातारीबाई उठल्या. सिस्टरजवळ गेल्या, तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मुलाकडे न बघता म्हणाल्या, "तू काही दिवस इथे येऊ नकोस. मला तुझं तोंड बघवत नाही. काही दिवस. पुढचं पुढे बघू."

एक वाक्य बोलून हे सगळं थांबवता येईल, हे चौकशीबाईंना ठाऊक होतं. थोरल्यालाही ठाऊक होतं. त्यानं त्यांच्याकडे एकदाच पाहिलं, आणि ते वाक्य त्यांनी बोलू नये म्हणून तो किती घाबरलेला आहे हे त्यांना स्पष्ट दिसलं.

"बरं," तो आईला म्हणाला.

तो दारापर्यंत गेला आणि चपला शोधायला लागला. चपला समोरच होत्या, त्याला दिसत नव्हत्या. चौकशीबाईंनी वाकून त्या उचलल्या आणि त्याच्या पायांशी सरळ करून ठेवल्या. याहून जास्त त्यांना काही करता येण्यासारखं नव्हतं.